पंच्याहत्तर डेसिबलच्या आत

तालुक्याच्या गावात लाउडस्पीकरवाल्याच्या दुकानावरची पाटी साधारण दर दहा-बारा वर्षांनी बदलत आली. ऐंशीच्या दशकात तिथं ‘लाउडस्पीकर सर्व्हिस’ असायचं. नव्वदीत ‘साउंड अँड लाइट डेकोरेटर्स’ झालं, दोन हजार सालानंतर ‘डीजे’ आलं आणि आता त्याच जागी ‘इव्हेंट्स’ असं लिहिलेलं दिसतं. गाळा तोच, मालकही बहुधा तोच किंवा त्याचा मुलगा. कराडच्या आसपास मी या चारपैकी मधल्या दोन पाट्या लावल्या आणि चौथी लावायच्या आधी धंद्यातून बाहेर पडलो.

या धंद्याबद्दल वर्तमानपत्रांत ठरावीक वेळी छापून येतं. गणेश विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी किती मंडळांवर गुन्हे दाखल झाले ते येतं, किंवा मिरवणुकीत कुणी दगावलं की त्याची बातमी येते. धंदा वाढला कसा, त्यात पैसा कुणी कमावला, पेट्यांची भिंत दहा फुटांवरून वीस फुटांवर का गेली आणि तिचे हप्ते कुणी फेडले, हे मात्र कुठं वाचायला मिळत नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो. छोट्या डीजेवाल्याला कायद्यानं बुडवलं असं आमच्या धंद्यात सर्रास बोललं जातं. कायदा कागदावर सुरुवातीपासून होता. आम्हाला बुडवलं ते आकाराच्या शर्यतीनं, आणि त्या शर्यतीत मंडळं, गिऱ्हाईक आणि आम्ही सगळेच धावलो.

भोंग्यापासून पेटीपर्यंत

पहिल्या पाटीच्या काळात भांडवल थोडं लागे. एक आहुजाचा अँप्लिफायर, दोन भोंगे, एक माइक, एक बॅटरी आणि सायकल. भोंग्यातून बेस येत नाही. माणसाचा आवाज, सनई आणि गाण्यातला गळा तेवढा लांब जातो, म्हणून तो देवळाच्या शिखरावर किंवा लिंबाच्या फांदीवर बांधायचा. लग्नघरी पहाटे भोंगा सुरू झाला की चार वाड्यांना लग्नाची वर्दी मिळायची. तिथं नाचायला कुणी येत नसे. नाचायचं असेल तर हलगी होती, लेझीम होती, आणि ऐपत असेल तर ब्रास बँड होता.

ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाल्या आणि गाण्यांची निवड लाउडस्पीकरवाल्याच्या हातात आली. आनंद-मिलिंद शिंदे यांच्या कॅसेट गावोगावी वाजल्या. त्यांचे वडील प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीतं सकाळी आणि मुलांची लोकगीतं संध्याकाळी, असा बहुतेक लग्नघरांचा दिवस असे.

नव्वदीच्या मध्यावर भोंग्याची जागा पेटीनं घेतली. पंधरा इंची स्पीकर पुण्याच्या तपकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणायचा आणि प्लायवूडची कॅबिनेट गावातल्या सुताराकडून करून घ्यायची. कॅबिनेटचं माप चुकलं तर बेस फाटतो, हे सुतार दोन-तीन पेट्यांत शिकायचा. कराड, इस्लामपूर, विटा या पट्ट्यात असे कितीतरी सुतार तयार झाले. कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयात न गेलेल्या या माणसांनी पोर्टची लांबी आणि पेटीचं आकारमान यांचं गणित हातानं बसवलं. त्यांची नोंद कुठंही नाही, म्हणून ती इथं करतो.

डीजे म्हणजे काय, आणि आमच्याकडे काय

जगाच्या हिशेबात डीजे म्हणजे दोन तबकड्यांवर गाण्यांची सांधेजोड करणारा माणूस. टेक्निक्सचा एसएल-१२०० हा टर्नटेबल १९७२ साली आला, पायोनियरचा सीडीजे-१००० हा सीडीवर चालणारा प्लेअर २००१ साली. यातलं काहीही आमच्या तालुक्यात आलं नाही. आमच्याकडे डीजे आला तो एमपीथ्री सीडीच्या रूपानं. एका सीडीवर दीडशेच्या आसपास गाणी बसायची. २००२ साली ‘कांटा लगा’च्या रिमिक्सनं लाट उठवली आणि जुन्या गाण्याला ठेका लावून वाजवणं ही गावातल्या पोराला जमण्यासारखी गोष्ट आहे, हे सगळ्यांच्या लक्षात आलं. मग कॉम्प्युटर, व्हर्च्युअल डीजेसारखी सॉफ्टवेअर, पेनड्राइव्ह आणि शेवटी कंट्रोलर. गाण्याच्या मध्येच ‘डीजे अमुक’ असं स्वतःचं नाव घुसवणारे रिमिक्स करणारे प्रत्येक तालुक्यात निघाले. त्यांच्यातले काही खरोखर कानाचे तयार होते.

लोकांच्या बोलण्यात मात्र डीजे म्हणजे माणूस नव्हेच. डीजे म्हणजे टेम्पो, त्यावरच्या पेट्या, जनरेटर, लाइट आणि चार-पाच पोरं, असा सगळा संच. सातारा-सांगली-कोल्हापुरात त्यालाच ‘डॉल्बी’ म्हणतात. रे डॉल्बी यांनी १९६५ साली स्थापन केलेल्या ध्वनितंत्राच्या कंपनीशी त्या पेट्यांचा काही संबंध नाही, पण पोलिसांच्या नोटिशीतही हाच शब्द छापून येऊ लागला.

२००५ नंतरची काही वर्षं ग्रामीण महाराष्ट्रात बारा-बारा तास भारनियमन होतं. लग्नघरी आकडा टाकून वीज घ्यायची सोय त्यामुळे संपली आणि जनरेटर घेणं भाग पडलं. एकदा जनरेटर आला की वीज कितीही, म्हणजे अँप कितीही. पेट्यांची संख्या वाढायला इथून मोकळं रान मिळालं. भारनियमनानं सेट मोठे केले, हे आज कुणाला पटणार नाही, पण टेम्पोवर पहिल्यांदा मोठा जनरेटर चढला तो याच काळात.

हळदीची रात्र

धंद्याचं कसब पाहायचं असेल तर ते मिरवणुकीत दिसत नाही, हळदीत दिसतं. मिरवणुकीत ठेका लावला की झालं. हळदीत समोर चार पिढ्या असतात. आधी देवाचं गाणं, मग लहान मुलांची गाणी, कारण ती सर्वांत आधी रिंगणात उतरतात. मुलांच्या मागून आया येतात, आयांच्या मागून मावश्या आणि आत्या. कोळीगीत लागलं की मागच्या खुर्चीवरच्या आजीही उठतात. हा बायकांचा तास जपणं हे जाणत्या डीजेवाल्याचं खरं काम. कारण साडेनऊच्या सुमारास बाहेर ‘बसलेली’ मंडळी आत येतात आणि बायका एकेक करून बाजूला होतात. जो डीजेवाला बायकांना आठ ते साडेनऊ पूर्ण वेळ द्यायचा, त्याला पुढच्या लग्नाची सुपारी त्या घरातल्या बायकाच मिळवून द्यायच्या. पुरुष मंडळी पेट्या मोजून डीजे ठरवतात आणि बायका नाचायला मिळालं का ते बघतात. धंद्याची खरी जाहिरात दुसऱ्या कसोटीवर होते, हे मला बरीच वर्षं टिकलेल्या प्रत्येक छोट्या मालकाकडे दिसलं.

फर्माईश हाताळणं हा दुसरा भाग. एका गटाचं गाणं लागलं की दुसऱ्या गटाची चिठ्ठी येते. नाही म्हणायचं नाही आणि लगेच लावायचंही नाही, ‘दोन गाण्यांनंतर’ म्हणायचं. भाऊबंदकीतलं लग्न असेल तर कुणाच्या नावानं गाणं लावलं यावरूनही वाद होतो. म्हणून अनुभवी माणूस माइक हातात घेऊन नावं पुकारत नाही, ते काम वऱ्हाडातल्याच एखाद्या मामांवर सोपवतो.

जयंती, परण्या आणि आवाजाचा मान

सुशिक्षित घरांत डीजे म्हणजे उच्छाद असं समीकरण पक्कं आहे. त्यात तथ्य आहे, तरी दुसरी बाजूही बघितली पाहिजे. गावात वाजतगाजत मिरवणूक काढण्याचा अधिकार पूर्वी सगळ्यांना नव्हता. कुणाची वरात कोणत्या रस्त्यानं जाणार, कुणाचा नवरदेव घोड्यावर बसणार, यावरून महाराष्ट्रात मारामाऱ्या झालेल्या आहेत. नवरदेवाची मिरवणूक, म्हणजे परण्या, मारुतीच्या देवळापर्यंत कुणाचा जायचा आणि कुणाचा वेशीवरच थांबायचा, हे गावातले जुने लोक आजही सांगतात. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत मोठा सेट लावणाऱ्या पोरांना त्या आवाजात स्वतःची जागा दिसत होती. वामनदादा कर्डकांनी उभी केलेली भीमगीतांची परंपरा कॅसेटमधून आणि पुढे पेट्यांमधून चौकाचौकांत आली. त्या गाण्यांचा श्रोतावर्ग सभागृहात बसणारा नव्हता.

याचा अर्थ शंभर डेसिबलला सूट द्यावी असा नाही. ज्यांचं वाद्य पिढ्यान्‌पिढ्या निर्धोक वाजत आलं त्यांनी इतरांच्या आवाजाला संस्कृतीच्या नावानं नाकं मुरडू नयेत, एवढाच आहे. मोजमाप सगळ्यांना एक हवं. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी कित्येक वर्षं विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावरचा आवाज मोजत आलेत आणि आकडे वारंवार नव्वदच्या पुढे गेलेत. ढोल-ताशा जवळून वाजला तरी मीटर शंभरावर जातो. कानाच्या पडद्याला पारंपरिक वाद्य आणि डीजे यातला फरक कळत नाही.

याच हिशेबात आणखी एक बाजू येते ती बँडवाल्यांची. वीस माणसांच्या ब्रास बँडचं काम चार पोरांचा डीजे करू लागला. सनई, हलगी, क्लॅरिनेट वाजवणारी, पिढीजात वाद्यावर जगणारी कुटुंबं यात मागे पडली. त्यांतले काहीजण आमच्याच टेम्पोवर हेल्पर म्हणून आले. नंतर ढोल पथकांनी आमचं काम घेतलं, तेव्हा पथकात शंभर-शंभर स्वयंसेवक हौसेनं वाजवत होते. हौशी माणसाशी दरात स्पर्धा करता येत नाही, हे बँडवाल्यांना आमच्या आधी कळलं होतं असं म्हणता येणार नाही, पण पोटावर पाय येणं म्हणजे काय ते त्यांनी आधी भोगलं.

तीन डेसिबलची किंमत

आता शर्यतीकडे येतो. ती समजायला डेसिबलचं गणित थोडं समजून घ्यावं लागेल. डेसिबलची पट्टी सरळ वाढत नाही, पटीनं वाढते. अँपची ताकद दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो. त्याबरोबर पेट्याही दुप्पट केल्या आणि जवळजवळ रचल्या तर बेसमध्ये फार तर ६. ऐकणाऱ्याला आवाज ‘दुप्पट झाला’ असं वाटायला साधारण १० डेसिबल वाढावे लागतात, म्हणजे ताकद दहापट. समोरच्या मंडळापेक्षा आपला सेट दुप्पट दणदणीत वाटावा अशी इच्छा असेल तर दहापट अँप, त्या प्रमाणात जनरेटर, डिझेल, मोठी गाडी आणि जास्त पोरं. गिऱ्हाईक मात्र दहापट पैसे देत नाही. ते दीडपट देतं, तेही घासाघीस करून.

उलट बाजूनं पाहा. पंधरा इंची स्पीकरच्या चांगल्या पेटीला फक्त एक वॅट दिला तर एक मीटरवर ९५ ते १०० डेसिबल मिळतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात. म्हणजे एका पेटीतून, एका वॅटवर, सोळा मीटरवर ७५च्या आसपास आवाज पोचतो. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर कायद्यानं ठरवलेली कमाल मर्यादा हीच आहे. दोनशे माणसांच्या हळदीला दोन टॉप आणि दोन बेस पुरून उरतात. आम्ही मात्र हजारो वॅटची भिंत घेऊन गल्लीत शिरत होतो.

बेसची गोष्ट आणखी वेगळी. मीटर ज्या ‘ए’ पट्टीवर आवाज मोजतो ती माणसाच्या कानाच्या संवेदनेप्रमाणे बसवलेली आहे आणि खालचे स्वर ती फार कमी धरते. ६३ हर्ट्झचा आवाज तिच्यावर सुमारे २६ डेसिबलनं कमी दिसतो. त्यामुळे मीटरवर आकडा बेताचा असतानाही छातीत धडधड होऊ शकते, खिडक्या थरथरू शकतात. हा खालचा स्वर भिंतीतून आणि लांबवर जातो. तक्रार नेहमी दोन गल्ल्या पलीकडच्या आजारी माणसाच्या घरातून येते आणि मिरवणुकीतले लोक म्हणतात, ‘एवढ्या लांब कसा त्रास होईल?’ होतो.

२०१४ च्या विसर्जन मिरवणुकीत साताऱ्याच्या राजपथावर जुनी भिंत कोसळून तिघांचा जीव गेला. डॉल्बीच्या दणक्यानं ती पडली असं तेव्हा सगळीकडे बोललं गेलं. त्यानंतर कोल्हापूर परिक्षेत्रात डॉल्बीमुक्त गणेशोत्सवाच्या मोहिमा जोरात सुरू झाल्या. आमच्या धंद्यातल्या बहुतेकांनी त्याकडे पोलिसी त्रास म्हणून पाहिलं. शर्यत थांबवायची ती संधी होती.

कायदा आला कुठून

मुंबईत डॉ. यशवंत ओक यांच्यासारखे कार्यकर्ते ऐंशीच्या दशकापासून ध्वनिप्रदूषणाविरुद्ध न्यायालयात जात होते. पुढे सुमैरा अब्दुलअली यांच्या आवाज फाउंडेशननं मीटर घेऊन उत्सवांतले आकडे जाहीर करायला सुरुवात केली. केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषण नियम २००० साली आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, रुग्णालय-शाळा-न्यायालयाभोवती शंभर मीटरच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सार्वजनिक जागी लाउडस्पीकरचा आवाज भोवतालच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यातलं जे कमी असेल तेवढाच. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं रात्रीच्या बंदीवर शिक्कामोर्तब केलं. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देण्याचा राज्यांचा अधिकार तेवढा राहिला. नियम मोडला तर पर्यावरण संरक्षण कायद्याच्या त्या वेळच्या कलमानुसार पाच वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकत होता.

म्हणजे आमच्या दुकानांवर ‘डीजे’ची पाटी चढली तेव्हा हे सगळं लिहिलेलं होतं. फरक इतकाच की पहिली दहा वर्षं त्याची आठवण वर्षातून दोनच दिवस व्हायची. कोणत्या मंडळामागं कोण उभं आहे यावर कारवाई ठरायची. गुन्हा मंडळाच्या अध्यक्षावर आणि डीजेवाल्यावर व्हायचा, पण जप्त व्हायचा तो डीजेवाल्याचा सेट. पेट्या पोलीस ठाण्याच्या आवारात पावसात भिजत पडायच्या, प्लायवूड फुगायचं, कोन गळायचे, आणि पतसंस्थेचा हप्ता सुरूच राहायचा. आवाज वाढवायला सांगणारा कार्यकर्ता कधी जामीन द्यायला आला, असं फारसं ऐकण्यात नाही.

२०१६ ते २०२१

धंद्याचा उतार कुठून सुरू झाला हे बोट ठेवून सांगता येतं. २०१६ साल धंद्याला सर्वांत जास्त वर घेऊन गेलं आणि तिथूनच खाली. फेब्रुवारीत आलेल्या ‘पोश्टर गर्ल’ चित्रपटातल्या गाण्यात डीजेला आवाज वाढवायची गळ घातली होती. एप्रिलअखेर ‘सैराट’ आला आणि अजय-अतुल यांच्या ‘झिंगाट’शिवाय महाराष्ट्रात एकही हळद उरली नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ध्वनिप्रदूषणाच्या याचिकांवर सविस्तर निकाल देऊन अंमलबजावणीसाठी सरकारला कामाला लावलं. ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली, नेमकी तुळशीच्या लग्नाच्या तोंडावर. सगळा व्यवहार रोखीचा, इसार जुन्या नोटांत घेतलेला, पोरांची मजुरी रोजची. लग्नं झाली, पण राहिलेले पैसे ‘बँकेतून निघाले की देतो’ या बोलीवर अडकले.

२०१७ च्या जुलैत जीएसटी आला. वीस लाखांखालच्या छोट्या मालकाला नोंदणीची सक्ती नव्हती, पण मोठी मंगल कार्यालयं आणि कंपन्या बिल मागू लागल्या. २०१८ मध्ये मे महिन्याच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत अधिक ज्येष्ठ, म्हणजे ऐन लगीनसराईत लग्नं नाहीत. त्यातून सावरावं तो सप्टेंबरात विसर्जनासाठी डीजे-डॉल्बीला परवानगी मिळावी म्हणून व्यावसायिकांच्या संघटनेनं केलेल्या मागणीवर उच्च न्यायालयानं दिलासा दिला नाही. इसार घेतलेले लोक ते परत करत फिरले.

मार्च २०२० च्या टाळेबंदीनं उरलंसुरलं थांबवलं. लग्नाला पन्नास माणसं, मिरवणूक बंद. एप्रिल २०२१ च्या निर्बंधांत तर पंचवीस माणसं आणि दोन तासांत लग्न उरकायचं. अशा लग्नात डीजेला जागा कुठली? या दोन वर्षांत कितीतरी सेट मिळेल त्या भावानं विकले गेले. ते घेणारे बहुतेक मोठे मालक होते. छोटे संपले आणि मोठे अधिक मोठे झाले.

पैसा आणि पोरं

या धंद्याचं वर्ष पंचांग ठरवतं. तुळशीच्या लग्नापासून आषाढापर्यंत लगीनसराई, त्यात अधिक महिना किंवा गुरू-शुक्राचा अस्त आला की खाडा. २०२४ च्या मे-जूनमध्ये दोन्ही ग्रहांच्या अस्तामुळे मुख्य मुहूर्त जवळजवळ नव्हतेच. नंतर गणपती-नवरात्राचे काही दिवस, शिवजयंती, आंबेडकर जयंती, आणि मधल्या काळात बारशी नि वाढदिवस. कमाईच्या तारखा मूठभर आणि हप्ता मात्र बाराही महिने. चांगल्या मुहूर्ताला एकाच दिवशी पाच सुपाऱ्या येतात आणि घेता एकच येते. मग दुसरा सेट घ्यावासा वाटतो. तो दुसरा सेट बाकीचे दिवस गाळ्यात झाकून पडतो. भिशी, पतसंस्था, सोनं, कुठून तरी पैसा उभा करायचा आणि दोन वर्षांत तंत्र बदललं की नव्यानं करायचा. पेट्या जाऊन लाइन अ‍ॅरे, दिव्यांत पारकॅन जाऊन शार्पी, शार्पी जाऊन एलईडी भिंत. २०२३ च्या विसर्जनानंतर लेझर किरणांनी डोळ्यांना इजा झाल्याच्या तक्रारी पुणे-कोल्हापुरात आल्या आणि पुढे लेझरवरही बंदी आली. ज्यांनी ते यंत्र कर्जानं घेतलं होतं त्यांचं कर्ज तसंच राहिलं.

टेम्पोवरची पोरं हा सर्वांत दुर्लक्षित भाग. अठरा ते पंचवीस वयाची, बारावीला अडलेली किंवा आयटीआय केलेली. रात्री दोनला सेट उतरवायचा, चारला झोपायचं, दुपारी पुन्हा परण्याला हजर. पेट्या रचलेल्या गाडीवर चढून झाडाच्या फांद्या आणि विजेच्या तारा काठीनं उचलून धरायचं काम यांच्यातलंच कुणीतरी करतो. राज्यात अशा तारांना चिकटून पोरं गेलेली आहेत. विमा जवळजवळ कुणाचाच नसतो. कानाचं नुकसान तर गृहीतच धरलेलं. आरोग्याच्या मान्य निकषाप्रमाणे ८५ डेसिबलमध्ये आठ तास राहता येतं आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. ही पोरं पेटीपासून दोन फुटांवर पाच-सहा तास उभी असतात. तिशीत त्यांना कानात सतत शिट्टी ऐकू येते आणि ‘जरा मोठ्यानं बोल’ म्हणायची सवय लागते. ज्या मालकांनी दहा-वीस रुपयांचे इअरप्लग आणून दिले आणि ते घालायला लावले, त्यांची पोरं टिकली. असे मालक फार थोडे.

आता काय उरलं

डीजेचा धंदा संपलेला नाही. तो मंगल कार्यालयाच्या आत, फार्महाउसच्या हिरवळीवर आणि शहराकडच्या संगीत समारंभांत गेला आहे. २०२५ साली राज्य सरकारनं गणेशोत्सवाला राज्य महोत्सव जाहीर केलं. आवाजाचे नियम त्यानं सैल झालेले नाहीत. मालकाला आता नवे प्रश्न पडतात. गाणं वाजवण्याचा परवाना हा त्यातला एक. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये धार्मिक विधी, वरात आणि लग्नाशी निगडित समारंभांना सूट आहे आणि केंद्र सरकारनं २०२३ मध्ये तिची आठवणही करून दिली. तरीही हॉटेलं परवान्याचा कागद मागतात. गोव्यातल्या लग्नांच्या निमित्तानं हा वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत गेला. छोट्या मालकानं हे कलम पाठ ठेवावं, पण वाढदिवसाच्या पार्टीला ते लागू होत नाही हेही लक्षात ठेवावं.

मला विचाराल तर चार पेट्यांचा धंदा आजही चालतो. बॉक्स कमी, पण नीट ट्यून केलेले. तोंड नाचणाऱ्यांकडे, वस्तीकडे पाठ. पेटी उंच टांगून खाली झुकवलेली, म्हणजे आवाज अंगणातच राहतो. हातात डेसिबल मीटर. दहाला बंद. इसार घेतानाच कागदावर वेळ, मर्यादा आणि दंड भरायची जबाबदारी कुणाची, हे लिहून सही घेतलेली. कराड-पाटण भागात असे दोन-चार जण टिकून आहेत आणि भिंतीवाल्यांपैकी पुष्कळांचे गाळे आज भाड्यानं दिलेले आहेत. मोठ्या आवाजाच्या बाजूनं जेवढी भाषणं ऐकली, तेवढ्यांना हा एक हिशेब पुरेसं उत्तर आहे.

दिवाळीनंतर तुळशीची लग्नं लागतील आणि तुमच्यापैकी कुणीतरी डीजे ठरवायला जाईल. तेव्हा ‘किती बेस आहेत?’ हा प्रश्न विचारू नका. माणसं किती येणार, जागा केवढी, शेजारी दवाखाना आहे का, घरात तान्हं बाळ किंवा हृदयरोगाचा माणूस आहे का, हे त्याला सांगा. ठरलेले पैसे त्याच रात्री द्या. टेम्पोवरच्या पोरांना पंगतीत बसवून वेळेवर जेवू घाला. आणि दहा वाजता तो मशीन बंद करायला निघाला, तर ‘अजून एक गाणं’ म्हणून त्याचा हात धरू नका.